नैर्ऋत्येच्या वाऱ्याचा माग

वारा डोळ्यांना दिसत नाहीं; दिसतें तें त्याचें कार्य. झाडाचें पान हालतें, शिडांत फुगवटा येतो, खळ्यावर भूस उडून दाणा खालीं राहतो, आणि ज्येष्ठांत पश्चिमेकडून काळ्या ढगांची रांग वर चढूं लागते. ह्या अदृश्य वस्तूचा माग माणसानें कसा काढला, हा इतिहास जितका शास्त्रज्ञांचा तितकाच खलाशांचा, शेतकऱ्यांचा आणि दुष्काळांत बळी पडलेल्या लोकांचाहि आहे. भारतांत वर्षभरांत पडणाऱ्या एकंदर पावसापैकीं सुमारें तीन-चतुर्थांश पाऊस जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत पडतो, आणि तो मुख्यतः एकाच वाऱ्याच्या पाठीवर बसून येतो. तो वारा म्हणजे नैर्ऋत्य मोसमी वारा होय.

ह्या वाऱ्याचा उपयोग माणसानें प्रथम करून घेतला तो समुद्रावर. 'मोसमी' ह्या शब्दाचें मूळ अरबी 'मौसिम' ह्या शब्दांत असून त्याचा अर्थ ऋतु किंवा ठराविक काळ असा आहे. अरबी समुद्रावर उन्हाळ्यापासून वारा नैर्ऋत्येकडून वाहूं लागतो, आणि हिवाळ्यांत तोंड फिरवून तो ईशान्येकडून वाहतो. जहाज हाकणारास हें निसर्गानें आंखून दिलेलें वेळापत्रकच होतें. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत ग्रीक भाषेंत लिहिलेल्या 'पेरिप्लस' ह्या ग्रंथांत हिप्पालस नांवाच्या एका तांडेलाचा उल्लेख आहे. किनाऱ्याकिनाऱ्यानें न जातां भर समुद्रांतून सरळ हिंदुस्थान गाठण्याची वाट त्यानें शोधून काढली, असें ग्रंथकार सांगतो. वस्तुतः ती वाट अरब आणि हिंदी खलाशांस त्यापूर्वींच ठाऊक असली पाहिजे. हिप्पालसाच्या नांवावर ती ग्रीक लोकांत प्रसिद्ध झाली इतकेंच. त्याच ग्रंथांत भडोच, सोपारा, कल्याण आणि चौल ह्या बंदरांचा निर्देश आहे. रोमन अमदानींत तांबड्या समुद्रांतील एकाच बंदरांतून १२० जहाजें हिंदुस्थानाकडे निघत, असें स्ट्रेबो ह्या भूगोलकारानें नमूद करून ठेविलें आहे. पंधराव्या शतकांत इब्न माजिद ह्या अरब नाविकानें कोणत्या वाऱ्यावर, कोणत्या दिवसांत, कोणत्या बंदरांतून निघावें ह्याची माहिती ग्रंथरूपानें मांडली. कोंकणच्या कोळ्याला मात्र ग्रंथाची गरज नव्हती. मोसमाचा जोर ओसरेपर्यंत होडी वाळूवर ओढून ठेवावयाची आणि नारळी पौर्णिमेस दर्याला नारळ वाहून ती पुन्हा पाण्यांत लोटावयाची, ही त्याची रीत वाऱ्याच्या ज्ञानावरच उभारलेली आहे.

जमिनीवरच्या माणसास वाऱ्यापेक्षां पावसाची चिंता अधिक. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत पाऊस मोजण्यासाठीं कोठारांत हातभर रुंद तोंडाचें भांडें ठेवावें असें सांगितलें असून निरनिराळ्या प्रदेशांचें पर्जन्यमान द्रोण ह्या मापांत दिलें आहे. जांगल म्हणजे कोरड्या प्रदेशाला १६ द्रोण, अवंतीला २३ द्रोण, आणि अपरांताला म्हणजे कोंकणाला 'अमित', मोजमापापलीकडचा! आषाढांतील कोंकण ज्यानें पाहिलें आहे त्याला ह्या शब्दांत अतिशयोक्ति वाटणार नाहीं. पुढें सहाव्या शतकांत वराहमिहिरानें बृहत्संहितेंत मेघांच्या गर्भधारणेची कल्पना मांडली. आकाशांत विशिष्ट लक्षणें दिसलीं म्हणजे मेघाला गर्भ राहतो आणि १९५ दिवसांनीं त्या गर्भाची वृष्टि होते, असा तिचा आशय आहे. ही कल्पना शास्त्राच्या कसोटीस उतरणारी नाहीं. तथापि आज पडणाऱ्या पावसाचें बीज सहा महिने आधीं शोधावें, ही तिच्यांतील दृष्टि मात्र लक्षांत ठेवण्यासारखी आहे. कारण पुढें अनेक शतकांनीं शास्त्रज्ञांना त्याच दिशेनें जावें लागलें.

अशा रीतीनें वारा केव्हां येतो हें लोकांना फार पूर्वींपासून माहीत होतें. तो कां येतो हें माहीत नव्हतें. ह्या प्रश्नाला पहिलें सुसंगत उत्तर दिलें तें एडमंड हॅले ह्या इंग्रज ज्योतिषानें. धूमकेतूमुळें ज्याचें नांव सर्वतोमुखीं झालें तोच हा हॅले. विसाव्या-एकविसाव्या वर्षीं दक्षिणेकडील तारे मोजण्यासाठीं तो सेंट हेलिना बेटावर गेला होता. त्या समुद्रप्रवासांत नियमानें वाहणारे व्यापारी वारे त्यानें पाहिले, आणि इ. स. १६८६ मध्यें उष्ण कटिबंधांतील वाऱ्यांचा नकाशा व त्यांची कारणमीमांसा प्रसिद्ध केली. त्याचा सिद्धांत थोडक्यांत असा: सूर्याच्या उन्हानें हवा तापली म्हणजे ती प्रसरण पावते, हलकी होते आणि वर चढते, तिची जागा घेण्यास शेजारची थंड व जड हवा धांवत येते. हा धांवता प्रवाह म्हणजेच वारा.

मोसमी वाऱ्याला हें तत्त्व कसें लागू पडतें, हें कोंकणपट्टीवरील कोणत्याहि माणसाला सहज समजण्यासारखें आहे. पाणी तापावयास वेळ लागतो आणि निवावयासहि वेळ लागतो; जमीन चटकन तापते व चटकन निवते. म्हणून दिवसा समुद्रावरून जमिनीकडे खारे वारे वाहतात, आणि रात्रीं जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारे वाहतात. हॅलेच्या विचाराप्रमाणें मोसमी वारा म्हणजे एक अवाढव्य खारा वारा होय. दिवसाच्या जागीं उन्हाळा घ्यावा, रात्रीच्या जागीं हिवाळा घ्यावा, आणि किनाऱ्याच्या जागीं आशिया खंडाची सबंध दक्षिण बाजू घ्यावी, म्हणजे चित्र पुरें होतें.

परंतु चित्रांत एक उणीव होती. हवा जर दक्षिणेकडील थंड समुद्रावरून उत्तरेकडील तप्त भूमीकडे जाते, तर वारा सरळ दक्षिणेकडून यावयास हवा. तो नैर्ऋत्येकडून कां येतो? ह्या तिरकेपणाचें कारण इ. स. १७३५ मध्यें जॉर्ज हॅडली ह्यानें सांगितलें. हा गृहस्थ शिक्षणानें वकील होता. पृथ्वी आपल्या आंसाभोंवतीं फिरते. विषुववृत्तावरील भूमि ताशीं सुमारें १,६७० किलोमीटर वेगानें पूर्वेकडे जात असते, तर तीस अंश अक्षांशावरील भूमीचा वेग सुमारें १,४५० किलोमीटरच असतो. मंद गतीच्या प्रदेशांतून विषुववृत्ताकडे येणारी हवा मागें पडते, म्हणून ती पूर्वेकडून आल्यासारखी भासते. उलट, विषुववृत्त ओलांडून उत्तरेकडे जाणारी हवा भूमीच्या पुढें जाते आणि पूर्वेकडे वळते. दक्षिण गोलार्धांतील आग्नेय वारा विषुववृत्त ओलांडतांच नैर्ऋत्य वारा बनतो तो ह्यामुळें. हॅडलीच्या लहानशा निबंधाकडे फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं. इ. स. १७९३ मध्यें जॉन डाल्टन ह्याला हीच कल्पना स्वतंत्रपणें सुचली, आणि मागाहून कळलें कीं ती जवळजवळ साठ वर्षांपूर्वीं छापली गेली आहे! पुढें १८३५ मध्यें कोरिऑलिस ह्या फ्रेंच गणितज्ञानें फिरत्या वस्तूवरील गतीचें गणित बसविलें, आणि १८५६ पासून अमेरिकन विल्यम फेरेल ह्यानें तें वाऱ्यांना लावून हॅडलीच्या विचारांतील चुका दूर केल्या.

वारा आला म्हणजे पाऊस आलाच असें नाहीं. वाफेनें भरलेली हवा वर चढली पाहिजे. वर भार कमी असल्यामुळें ती पसरते, पसरतांना थंड होते, आणि त्या थंडाव्यानें तिच्यांतील वाफेचे थेंब बनतात. सह्याद्रीचा कडा समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याला आडवा उभा राहून वर चढावयास लावतो. त्यामुळें महाबळेश्वरास वर्षाला साडेपांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तोच वारा घाट ओलांडून खालीं उतरूं लागला कीं कोरडा होत जातो. पुण्यास सुमारें ७०० मिलिमीटर उरतो आणि माणदेशांत पांचशेंच्या आसपास. कृष्णा महाबळेश्वरीं उगम पावते आणि तेथून थोड्याच अंतरावर पाण्यासाठीं माणसें मैलोगणती चालतात, हा वाऱ्याच्या चढउताराचा परिणाम आहे. ह्यांत आणखी एक गोष्ट घडते. वाफेचें पाणी होतांना तिच्यांत सांठलेली उष्णता मोकळी होते. ती हवेला आणखी वर ढकलते आणि खालून नवा वारा ओढून घेते. म्हणजे वारा पाऊस आणतो हें जितकें खरें, तितकेंच पाऊस वारा आणतो हेंहि खरें.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत हें ज्ञान बव्हंशीं विद्वानांच्या ग्रंथांत होतें. त्याला राज्यकारभारांत आणलें तें दुष्काळानें. इ. स. १८७५ मध्यें हिंदुस्थान सरकारनें हवामानखातें स्थापिलें आणि हेन्री ब्लॅनफर्ड ह्याला त्याचा प्रमुख नेमलें. दुसऱ्याच वर्षीं, १८७६ मध्यें, दख्खनवर पाऊस फिरकला नाहीं. पुणें, सातारा, सोलापूर, नगर हे जिल्हे, कर्नाटक आणि मद्रास इलाखा होरपळून निघाला. १८७६ ते १८७८ ह्या काळांत ५० लाखांहून अधिक माणसें उपासमारीनें आणि सांथींनीं मेलीं. रिचर्ड टेंपल ह्यानें दुष्काळी कामावरील पुरुषाची मजुरी दिवसाला एक रत्तल धान्य आणि एक आणा इतकी खालीं आणली. आणि त्याच काळांत हिंदुस्थानांतून धान्य परदेशीं जातच होतें. पुण्याच्या सार्वजनिक सभेनें गांवोगांवची माहिती मिळवून सरकारपुढें मांडली. सत्यशोधक समाजानें उपाशी मुलांसाठीं अन्नाची सोय केली. वारा कां आला नाहीं, हा प्रश्न आतां कुतूहलाचा राहिला नव्हता.

ब्लॅनफर्डनें हॅलेच्या तत्त्वावरून उत्तर शोधलें. हिमालयावर हिवाळ्यांत व वसंतांत बर्फ फार पडलें तर तें वितळविण्यांत सूर्याची उष्णता खर्च होते, भूमि पुरेशी तापत नाहीं, कोरडे वारे पसरतात आणि मोसमी वारा दुबळा होतो, असें अनुमान त्यानें १८८४ मध्यें प्रसिद्ध केलें. त्याच्या आधारें ४ जून १८८६ रोजीं पावसाळ्याचा पहिला रीतसर अंदाज निघाला. त्याच्या मागून आलेल्या जॉन इलियट ह्यानें मॉरिशससारख्या दूरच्या ठिकाणांचे वायुभारहि हिशेबांत घेतले. परंतु १८९९ मध्यें चांगल्या पावसाचा अंदाज दिला असतां पश्चिम व मध्य हिंदुस्थानावर शतकांतील एक अतिभयंकर अवर्षण कोसळलें. गुजरात-राजस्थानांत संवत् १९५६ वरून लोक त्याला 'छपन्या' म्हणून ओळखतात. चुकलेल्या अंदाजाची किंमत ज्यांनीं दिली त्यांनीं तो अंदाज वाचलाहि नसेल.

ह्या पार्श्वभूमीवर १९०४ मध्यें गिल्बर्ट वॉकर खात्याचा प्रमुख झाला. तो केंब्रिजचा गणिती. बूमरँग फेंकली असतां परत कां येते ह्याचें गणित मांडणारा. हवामानाची पूर्वपीठिका त्याला नव्हती, आणि कदाचित् हेंच हिताचें ठरलें. वारा कसा वाहत असेल ह्याचा तर्क करीत न बसतां त्यानें जगभरच्या ठाण्यांवरील वायुभार, उष्णतामान व पाऊस ह्यांचीं कोष्टकें गोळा केलीं, आणि कोणता आंकडा कोणत्या आंकड्याबरोबर चढतो-उतरतो हें हिंदी कारकुनांच्या हातून वर्षानुवर्षें मोजून घेतलें. त्यांतून एक विलक्षण गोष्ट निघाली. पॅसिफिक महासागरावर वायुभार चढला कीं हिंदी महासागरावर तो उतरतो, आणि तिकडे उतरला कीं इकडे चढतो. जणूं एकाच तराजूचीं दोन पारडीं! ह्या हेलकाव्याला त्यानें १९२४ मध्यें 'दक्षिणी आंदोलन' असें नांव दिलें. दख्खनच्या शेतावरील ढगाचा दोर ताहितीच्या समुद्रापर्यंत पोंचला तो असा.

ह्याच सुमारास जॉर्ज सिम्प्सन ह्यानें १९२१ मध्यें जुन्या सिद्धांतावर एक साधाच आक्षेप घेतला. मोसमी वारा जर केवळ जमिनीच्या तापण्यानें येत असेल, तर जमीन सर्वांत अधिक तापते त्या मे महिन्यांत तो यावयास हवा. आणि अवर्षणाच्या सालीं, जेव्हां जमीन नेहमींपेक्षां अधिक तापलेली असते, तेव्हां तर पाऊस अधिक पडावयास हवा. होतें तें उलटच. आज असें मानतात कीं, पृथ्वीभोंवतीं विषुववृत्ताजवळ जो ढगांचा व चढत्या हवेचा पट्टा आहे, तो सूर्यामागोमाग उत्तरेकडे सरकून भारतावर येतो, हें मोसमी पावसाचें मुख्य स्वरूप होय. जमिनीचें तापणें त्याला वाट करून देतें. पण त्याला जिवंत ठेवते ती पावसांतून मोकळी होणारी उष्णता. हॅले खोटा ठरला नाहीं. त्याचें उत्तर अपुरें ठरलें.

ह्या इतिहासांत पुण्याचा वांटा आहे. हवामानखात्याची कचेरी १९२८ मध्यें शिमल्याहून पुण्यास आली आणि १९४४ मध्यें दिल्लीस गेली. शिवाजीनगरची ती इमारत पुणेकरांच्या तोंडीं 'शिमला ऑफिस' ह्याच नांवानें राहिली. १९६२ पासून पुण्यांत मोसमी वाऱ्यांच्या संशोधनाची स्वतंत्र संस्थाहि आहे. १९५८ मध्यें पी. कोटेश्वरम् ह्यांनीं पावसाळ्यांत भारतावर फार उंचावरून पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणाऱ्या वेगवान वायुप्रवाहाचें वर्णन केलें. १९६९ मध्यें फिंडलेटर ह्यानें दाखविलें कीं, दक्षिण गोलार्धांतील हवा आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळ, जमिनीपासून एक-दीड किलोमीटर उंचीवर, नदीसारख्या अरुंद व जोरकस ओघानें विषुववृत्त ओलांडून अरबी समुद्रावर येते. हिप्पालसाच्या जहाजाला ढकलणारा वारा तो हाच.

वॉकरच्या तराजूचें रहस्यहि त्याच वर्षीं, १९६९ मध्यें, उलगडलें. याकोब ब्येर्कनेस ह्यानें तें समुद्राच्या पाण्यांत शोधलें. पॅसिफिकच्या पश्चिम भागांत पाणी ऊन असतें. तेथें हवा वर चढते, आणि पेरू देशाजवळच्या थंड पाण्यावर ती खालीं उतरते. कांहीं वर्षीं व्यापारी वारे मंदावतात, ऊन पाणी पूर्वेकडे सरकतें, आणि हवा चढण्याची जागाहि त्याबरोबर सरकते. पेरूचे कोळी नाताळच्या सुमारास येणाऱ्या ह्या ऊन पाण्याला 'एल निनो', म्हणजे बाळ येशू, म्हणत. अशा सालीं भारताच्या बाजूस हवा खालीं दबण्याकडे कल असतो, आणि दबलेल्या हवेंतून पाऊस पडत नाहीं. डी. आर. सिक्का ह्यांनीं १९८० मध्यें एल निनो आणि भारतांतील अवर्षणें ह्यांची सांगड घालून दाखविली. मागें वळून पाहतां १८७७ आणि १८९९ ह्या दोन्ही सालीं पॅसिफिक तापलेला होता असें आढळतें.

तरी हिशेब पुरा झाला नाहीं. १९९७ मध्यें एल निनो फार प्रबळ असूनहि भारतांत पाऊस सरासरीइतका झाला. हिंदी महासागराचेहि पश्चिम व पूर्व भाग आळीपाळीनें तापतात आणि ते पावसाला हात देतात किंवा मागें खेंचतात, असें १९९९ मध्यें साजी, यामागाता आणि त्यांचे सहकारी ह्यांनीं निदर्शनास आणलें. आज दरवर्षीं एप्रिलच्या मध्यास पावसाळ्याचा अंदाज निघतो, तो ह्या सर्व समुद्रांचा व वाऱ्यांचा मेळ संगणकावर घालून. चार महिन्यांची देशाची सरासरी सुमारें ८७ सेंटिमीटर. परंतु ही सरासरी भरली तरी पेरणीनंतर तीन आठवडे आभाळ कोरडें राहिलें, तर माणदेशांतील बाजरी करपावयाची ती करपतेच.

म्हणून ह्या इतिहासाचा दुसरा धागा विसरतां येत नाहीं. १९७२ मध्येंहि पॅसिफिक तापला होता आणि महाराष्ट्रावर पाऊस रुसला होता. विहिरी आटल्या, गुरें गेलीं, माणसें रेशनवरची लाल मिलो आणि कामावरची सुकडी खाऊन दिवस काढूं लागलीं. उन्हाळ्यांत सुमारें ५० लाख माणसें खडी फोडीत, पाझर तलाव खणीत व बांध घालीत होतीं. हाल झाले, पण १८७७ सारखा संहार झाला नाहीं. कारण ह्या वेळीं कामाची मागणी केली तर तें दिलें पाहिजे अशी जाणीव राज्यकर्त्यांत आणि लोकांत निर्माण झाली होती, आणि पुढें १९७७ मध्यें रोजगार हमीच्या कायद्यानें तिला कायमचें रूप मिळालें. दोन्ही वेळां वाऱ्यानें सारखीच पाठ फिरविली होती. १८७७ मध्यें ब्लॅनफर्डला त्याचें कारण ठाऊक नव्हतें. १९७२ मध्येंहि ब्येर्कनेसचा तीन वर्षांपूर्वींचा शोध दख्खनच्या शेतकऱ्यापर्यंत पोंचलेला नव्हता. अंतर पडलें तें धान्य कोठें ठेविलें होतें, मजुरी किती दिली आणि कोणाच्या हांकेला ओ दिली गेली, ह्या गोष्टींनीं. वाऱ्याचा माग अजून लागतच आहे, आणि जसजसा तो लागेल तसतशी तयारीला अधिक सवड मिळेल. त्या सवडीचें काय करावयाचें, हें मात्र माणसांनींच ठरवावयाचें आहे.